एदोच्या नटचित्रांतील वीरपुरुष आणि शासनाचे निर्बंध

जपानच्या एदो कालखंडातील (इ. स. १६०३–१८६८) काष्ठमुद्राचित्रांचा विचार आजवर प्रामुख्याने कलासमीक्षकांनी केला आहे. रेषेचा डौल, रंगांची सपाट मांडणी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय चित्रकारांवर झालेला या चित्रांचा परिणाम, हे विषय आता पुष्कळच परिचित झाले आहेत. परंतु या चित्रसंभाराचा एक फार मोठा भाग काबुकी रंगभूमीवरील नटांच्या चित्रांनी व्यापलेला आहे, आणि ज्या नगरवासीयाने ती चित्रे विकत घेतली त्याच्या लेखी ती कलावस्तू नव्हती. पाहिलेल्या नाटकाची आठवण, न पाहिलेल्या नाटकाची भरपाई आणि आवडत्या नटाची छबी, एवढ्यासाठी तो पैसे मोजीत असे. यांपैकी वीरभूमिकांतील नटांची चित्रे इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक स्वतंत्र प्रश्न उभा करतात. चित्रात दिसणारा वीर नेमका कोण?

उदाहरणार्थ, सोगा गोरो या नावाचे एखादे चित्र घ्यावे. इ. स. ११९३ साली फुजी पर्वताच्या पायथ्याशी भरलेल्या मृगयेच्या छावणीत आपल्या पित्याच्या घातकास ठार मारणारा, भावांच्या जोडीतील धाकटा सोगा गोरो हा ऐतिहासिक पुरुष होय. नाटककाराने त्याच्यावरून रचलेले, अतिमानुष बळाचे आणि बालसुलभ क्रोधाचे पात्र ही दुसरी व्यक्ती. आणि ज्याच्या अंगावर त्या पात्राचा वेष आहे तो इचिकावा दानजूरो हा नट ही तिसरी. या तिन्ही व्यक्ती एकाच पत्रावर, एकाच देहात नांदतात. तोकुगावा शासनाने वेळोवेळी काढलेल्या हुकुमांचा रोख, बारकाईने पाहू गेल्यास, या तिघांची फारकत करण्याकडे दिसतो. कधी ऐतिहासिक नाव वर्ज्य ठरले, कधी नटाचे. ग्राहकांनी मात्र ही फारकत मान्य केली नाही. एदोच्या नटचित्रांतील वीररस हा योद्ध्यांच्या वर्गाकडून नगरवासीयांनी आपल्याकडे ओढून घेतलेला वीररस होता, आणि म्हणूनच त्याविषयी शासनास अस्वस्थता वाटत होती, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम नटाच्या सामाजिक स्थानाचा विचार केला पाहिजे. योद्धा, शेतकरी, कारागीर आणि व्यापारी या क्रमाने रचलेल्या समाजात नटास जागाच नव्हती. इ. स. १६०३ च्या सुमारास क्योतो येथे ओकुनी नावाच्या स्त्रीने केलेल्या नृत्यप्रयोगांपासून काबुकीचा उगम मानतात. परंतु इ. स. १६२९ मध्ये स्त्रियांना आणि १६५२ मध्ये तरुण मुलांना रंगमंचावर येण्याची बंदी झाली, आणि पुढे ही कला प्रौढ पुरुषांच्या हाती राहिली. नदीकाठच्या रिकाम्या वाळवंटात खेळ करणाऱ्यांस ‘नदीकाठचे भिकारी’ म्हणत, आणि हा हिणकस शब्द पुढे राजधानीतील वैभवसंपन्न नाटकगृहांच्या नटांनाही चिकटून राहिला. इ. स. १७०८ पर्यंत तर एदोतील नाटकमंडळ्यांवर अस्पृश्य गणलेल्या जमातींच्या प्रमुखाचा अधिकार सांगितला जात असे. त्या वर्षीच्या एका निवाड्याने ही सत्ता संपली. दुसरीकडे, वर्षाला सहस्र सुवर्णनाणी मिळविणारा ‘सहस्र र्योंचा नट’ ही पदवी त्याच नगरात प्रचलित होती. कायद्याने हीन आणि लोकमान्यतेने श्रेष्ठ अशा या माणसाच्या मुखावर वीराची रंगभूषा चढली, तेव्हा तिचा अर्थ केवळ नाट्यगत राहणे शक्य नव्हते.

ही वीराची रंगभूषा एदोतच घडली. क्योतो आणि ओसाका येथील नाट्यपरंपरा शृंगार आणि कोमलतेकडे झुकणारी. एदो हे मात्र नव्याने वसलेले, योद्ध्यांच्या वाड्यांनी वेढलेले, पुरुषांची संख्या अधिक असलेले नगर. तेथील प्रेक्षकांस दांडगाई रुचे. पहिला इचिकावा दानजूरो (१६६०–१७०४) याने इ. स. १६७३ मध्ये, म्हणजे वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, साकाता किन्तोकी या महाबलाढ्य वीराच्या भूमिकेत अंग लाल रंगवून प्रवेश केला आणि ‘आरागोतो’ नामक उग्र अभिनयपद्धतीचा पाया घातला, अशी परंपरा आहे. पाय आपटीत चालणे, डोळे फिरवून स्तब्ध होणे, आवाज गर्जनेपर्यंत चढविणे ही तिची लक्षणे. हाच दानजूरो इ. स. १७०४ मध्ये प्रत्यक्ष रंगमंचावर एका सहकारी नटाकडून मारला गेला. त्याचा पुत्र दुसरा दानजूरो (१६८८–१७५८) याने पित्याची ही कठोर रीत काहीशी मवाळ करून सुसंस्कृत केली. चेहऱ्यावर लाल रेघांचे पट्टे ओढून क्रोधाने फुगलेल्या शिरा आणि स्नायू सुचविण्याची ‘कुमादोरी’ त्याच्याच काळात स्थिरावली.

येथे भारतीय वाचकास कुतूहल वाटावे असा एक धागा आहे. इचिकावा घराण्याचे कुलदैवत म्हणजे नारिता येथील मंदिरातील फुदो म्योओ. हा फुदो म्हणजे वज्रयान बौद्ध परंपरेतील ‘अचल’ किंवा ‘अचलनाथ’ होय. तो भारतातून चीनमार्गे जपानात पोहोचला. एका हाती खड्ग, दुसऱ्या हाती पाश, पाठीशी ज्वाला आणि उग्र नेत्र असे त्याचे ध्यान आहे. पहिल्या दानजूरोने त्याच्याकडे पुत्रप्राप्तीचा नवस केला होता आणि पितापुत्रांनी रंगमंचावर त्या देवतेचेच रूप धारण केले. दानजूरोची डोळे वटारून पाहण्याची मुद्रा प्रेक्षक निव्वळ अभिनय मानीत नसत. ती दृष्टी अंगावर पडल्यास वर्षभर रोग होत नाही, असा समज होता. म्हणजे चित्रातील वीराच्या देहात पूर्वी सांगितलेल्या तिघांखेरीज एक देवताही वास करीत होती. असे चित्र घरात लावणाऱ्याच्या मनात भक्ती किती आणि रसिकता किती हे विलग करता येत नाही.

‘शिबाराकु’ या प्रवेशाची चित्रे आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहेत. दुष्ट सरदार निरपराध माणसांचा शिरच्छेद करविणार, इतक्यात प्रेक्षागृहातून जाणाऱ्या उंच वाटेवरून ‘थांबा!’ अशी आरोळी येते आणि वीर प्रकट होतो. एदोत दर वर्षी अकराव्या महिन्यात नव्या नटसंचाचे दर्शन घडविणारा जो प्रयोग होई, त्यात हा प्रवेश ठरलेलाच असे. वीराचे नाव मात्र त्या वर्षीच्या नाटकाप्रमाणे बदले. ते कामाकुरा गोंगोरो कागेमासा असे इ. स. १८९५ मध्ये, नवव्या दानजूरोच्या प्रयोगात, कायम झाले. नाव बदलले तरी पोशाख तोच. दोन्ही बाजूंस शिडाप्रमाणे ताणलेल्या प्रचंड बाह्या, आणि त्यांवर तितकेच प्रचंड, एकात एक बसविलेल्या तीन चौकोनी मापांचे चिन्ह. हे चिन्ह कोणाचे? कागेमासाचे नव्हे, इतर कोणत्याही योद्ध्याच्या कुळाचे नव्हे. ते इचिकावा घराण्याचे, म्हणजे नटाचे चिन्ह आहे. ज्या समाजात कुलचिन्ह हे योद्ध्यांच्या प्रतिष्ठेचे मूर्तरूप समजले जाई, त्या समाजात नटाने वीराच्या अंगावर स्वतःचे चिन्ह, तेही चित्राचा निम्मा भाग व्यापील एवढे, मिरवावे, यातील धारिष्ट आज सहजासहजी लक्षात येत नाही.

ही चित्रे प्रथम काढली ती तोरिई घराण्याने. नाटकगृहांवरील जाहिरातीचे फलक रंगविणे हा त्यांचा व्यवसाय. रस्त्यावरून लांबून दिसावे म्हणून फलकाला ठसठशीत रेषा लागते, आणि तीच त्यांनी ठशांत उतरविली. पहिला कियोनोबु (१६६४–१७२९) आणि कियोमासु यांच्या वीरांचे पाय भोपळ्यासारखे मध्येच आवळलेले व फुगलेले, आणि रेषा वळवळणाऱ्या गांडुळासारखी, कुठे जाड कुठे बारीक. जपानी परंपरेने या शैलीस नावेही तीच दिली आहेत. आरंभीची चित्रे काळ्या शाईत छापून वर हाताने शेंदूर भरीत. पुढे शेंदराच्या जागी करडईच्या फुलांपासून काढलेला तांबडा रंग आला, काळ्या भागांवर सरस लावून लाखेसारखी चमक आणली गेली, १७४० नंतर दोन-तीन रंगांचे ठसे वापरात आले, आणि इ. स. १७६५ पासून प्रत्येक रंगास वेगळा ठसा वापरून पूर्ण रंगीत चित्रे निघू लागली. चित्रकार, चेरीच्या फळीवर कोरणारा कारागीर, छापणारा आणि भांडवल घालणारा प्रकाशक, असे चौघे मिळून हे काम करीत. नाव मात्र चित्रकाराचेच राहिले.

तोरिईंच्या चित्रांत चेहरे एकसारखे आहेत. नट ओळखावा तो चिन्हावरून किंवा छापलेल्या नावावरून. इ. स. १७७० मध्ये कात्सुकावा शुनशो आणि इप्पित्सुसाई बुन्चो या दोघांनी पंख्यांच्या आकारात नटांच्या छबींचे एक पुस्तक प्रसिद्ध केले, तेथून नटाचा प्रत्यक्ष चेहरा, त्याचे नाक, जिवणी, भुवया ओळखण्याजोग्या होऊ लागल्या. हा बदल वरवर तंत्राचा वाटतो. परंतु सत्तर वर्षांनी त्याचे महत्त्व किती ठरले हे पुढे दिसेल. शाराकूविषयी येथे दोनच शब्द पुरे. इ. स. १७९४ च्या पाचव्या महिन्यापासून सुमारे दहा महिने तो चित्रे काढीत होता. अभ्रकाच्या चकाकत्या पार्श्वभूमीवरील त्याची मुखचित्रे आज जगभर नावाजली जातात, परंतु त्यांत वीर जवळजवळ नाहीतच, आणि त्याचे सर्वाधिक प्रसिद्ध पात्र तर एक भाडोत्री गुंड आहे. रंगाच्या थराखालचा थकलेला, वयस्क नट दाखविण्याची त्याची हौस वीरपूजेस पोषक नव्हती. त्याच वर्षी नटांची पूर्णाकृती चित्रमाला काढणारा पहिला उतागावा तोयोकुनि आणि त्याचे शिष्यच पुढील अर्धशतक नटचित्रांचे स्वामी झाले, ते उगाच नव्हे.

आता निर्बंधांकडे वळू. इ. स. १७२२ च्या हुकुमाने तोकुगावा घराण्याच्या पूर्वजांविषयी काहीही छापण्यास मनाई झाली. इ. स. १७९० पासून प्रत्येक चित्रावर तपासणीची मुद्रा आवश्यक ठरली. इ. स. १८०४ मध्ये हिदेयोशीच्या जीवनातील प्रसंग चित्रित केल्यावरून उतामारोसारख्या अग्रगण्य चित्रकारास पन्नास दिवस हातकड्यांत काढावे लागले, आणि तेनशो शकाच्या, म्हणजे इ. स. १५७३ च्या, नंतरच्या योद्ध्यांची नावे व कुलचिन्हे चित्रांत येऊ नयेत, असे बजावण्यात आले. अलीकडचा इतिहास अशा रीतीने बंद झाला. रंगभूमीने त्यावर जुनाच उपाय चालू ठेवला होता. इ. स. १७०३ च्या जानेवारीत आको येथील सत्तेचाळीस सेवकांनी आपल्या स्वामीच्या मृत्यूचा सूड घेतला. त्यावरील ‘चूशिनगुरा’ हे नाटक १७४८ मध्ये ओसाकात बाहुल्यांच्या रंगभूमीवर आले, ते चौदाव्या शतकाचा वेष घालून. ओइशी कुरानोसुके हा नायक ओबोशी युरानोसुके झाला. हे रूपांतर इतके पातळ होते की त्याने कोणाचीच फसगत होत नसे, आणि बहुधा कोणाची व्हावी अशी अपेक्षाही नव्हती. चित्रांवर हेच बदललेले नाव छापीत.

उलट दिशेचे वेषांतरही होते. ‘सुकेरोकु’ या नाटकाचा नायक जांभळा पट्टा कपाळास बांधून वेश्यावस्तीत हिंडणारा, योद्ध्यांशी मुद्दाम कुरापत काढून त्यांच्या तलवारी उपसावयास लावणारा नगरातील छैलछबेला आहे. हा सुकेरोकु म्हणजेच वेष पालटलेला सोगा गोरो, असा नाटकातील संकेत. हरवलेली कुलपरंपरागत तलवार शोधण्यासाठी तो भांडणे उकरतो. वीराचा नगरवासी झाला, की नगरवासीयाचा वीर? दुसऱ्या दानजूरोने इ. स. १७१३ मध्ये हे पात्र प्रथम उभे केले, तेव्हापासून त्याच्या चित्रांची मागणी कधी कमी झाली नाही.

सर्वांत कठोर आघात झाला तो तेनपो सुधारणांच्या वेळी. दुष्काळ आणि दंग्यांनी खिळखिळ्या झालेल्या राज्यास शिस्त लावण्यासाठी मिझुनो तादाकुनि याने इ. स. १८४१ मध्ये काटकसरीची मोहीम उघडली. त्या वर्षी एका नाटकगृहास आग लागल्याचे निमित्त झाले आणि नाटके अजिबात बंद करावी की काय, असा विचार सुरू झाला. नगरदंडाधिकारी तोयामा कागेमोतो याने विरोध केला म्हणून नाटकगृहे वाचली. परंतु त्यांना नगराच्या मध्यभागातून उठवून आसाकुसाजवळील नव्या वस्तीत घालविण्यात आले. नटांनी बाहेर पडताना विणलेल्या टोपीने तोंड झाकावे, अशी आज्ञा झाली. १८४२ च्या सहाव्या महिन्यात नट, गणिका आणि नर्तकी यांची चित्रे छापण्यास व विकण्यास संपूर्ण बंदी आली. इतर चित्रांसही सात-आठ छपायांची, तीन पत्रांची आणि सोळा मोन किमतीची मर्यादा पडली.

त्याच महिन्यात सातव्या दानजूरोस (१७९१–१८५९) एदोबाहेर हद्दपार करण्यात आले. तो त्या वेळी इचिकावा एबिझो हे नाव लावीत होता, कारण १८३२ मध्ये त्याने दानजूरो हे नाव आपल्या ज्येष्ठ पुत्रास दिले होते. त्याच प्रसंगी घराण्याच्या अठरा वीरनाट्यांची यादी जाहीर करून त्याने त्यांवर आपला हक्क सांगितला होता. आरोप असा की, त्याने राहणीत अमर्याद थाट केला आणि रंगमंचावर खरे चिलखत वापरले. या आरोपाचा दुसरा भाग लक्ष देण्याजोगा आहे. खोट्या चिलखतातील नट शासनास चालत होता. चिलखत खरे होताच नट आणि योद्धा यांतील सीमा पुसली गेली. शिवाय दोनच वर्षांपूर्वी, इ. स. १८४० मध्ये, याच नटाने ‘कान्जिन्चो’ रंगभूमीवर आणले होते. त्यातील बेनकेइ हा योद्धाभिक्षू आपल्या स्वामीस वाचविण्यासाठी कोऱ्या गुंडाळीतून दानपत्र वाचून दाखविण्याचा बहाणा करतो. हे नाटक ज्या ‘नो’ नाट्यावरून घेतले ती नाट्यकला म्हणजे खुद्द शोगुनच्या दरबाराची विधिवत कला. पार्श्वभूमीवरील पाइन वृक्षासकट ती उचलून नगरवासीयांपुढे मांडली गेली. हद्दपारीचे कारण हेच होते, असे म्हणण्यास आधार नाही; परंतु कोणत्या वातावरणात ती घडली हे यावरून समजते.

बंदीचा परिणाम काय झाला? नटांची नावे गेली, चेहरे गेले नाहीत. इ. स. १८४५ च्या सुमारास कुनियोशी, कुनिसादा आणि हिरोशिगे या तिघांनी मिळून शंभर प्राचीन कवींच्या कवितांवर आधारलेली एक चित्रमाला काढली. वर अभिजात कविता, खाली तिच्याशी कसाबसा जोडलेला वीरकथेतील प्रसंग. आणि त्या प्रसंगातील माणसांना चेहरे मात्र रंगभूमीवरील नटांचे. तपासनीस कविता वाचून मुद्रा उमटवीत, ग्राहक नाक आणि जिवणी पाहून पैसे देत. कुनियोशीने याहून पुढची खोडी काढली. १८४७ च्या सुमारास त्याने वखारीच्या भिंतीवर पोरांनी खिळ्याने ओरखडे काढावेत तशा रेषांत नटांची तोंडे रेखाटली. मध्ये डोक्यावर फडके टाकून नाचणारे एक मांजर. शीर्षकात ‘सारखेपणा’ सुचविणारा श्लेष. भिंतीवरचे रेघोटे ही काही नटचित्रे नव्हेत, हा त्याचा युक्तिवाद! चौथ्या पिढीपासून मुखसादृश्याच्या अभ्यासात मुरलेल्या एदोच्या रसिकास त्यातील प्रत्येक जण ओळखता येत होता. १७७० च्या त्या पंख्यांच्या पुस्तकाचे ऋण येथे फेडले गेले.

मिझुनो १८४३ मध्येच पदच्युत झाला आणि बंदी हळूहळू सैल पडली. सातव्या दानजूरोस माफी मिळून तो इ. स. १८५० मध्ये एदोस परतला. कुनिसादा, जो १८४४ पासून तोयोकुनि हे गुरूचे नाव लावीत होता, त्याने १८५२ मध्ये तोकाइदो मार्गावरील त्रेपन्न मुक्कामांची मालिका सुरू केली. प्रत्येक पत्रावर एका मुक्कामाचा देखावा आणि पुढे अर्धाकृती पात्र. पात्राचे नाव आहे, स्थळाचे आहे, नटाचे नाही. वरवर पाहता प्रवासचित्रे! या मालिकेस एवढी मागणी आली की मुक्काम संपले तरी मालिका संपेना. मधली ठिकाणे शोधून ती कितीतरी वाढविण्यात आली. यांतील अनेक भूमिका त्या त्या नटांनी कधी केल्याच नव्हत्या. चित्रकाराने आणि ग्राहकाने मिळून मनाने पात्रवाटप केले होते. काही नट तर केव्हाच मृत झाले होते. नाव छापावयाचे नाही, या नियमानेच ही मोकळीक दिली, असे आमचे मत आहे. छापील नाव असते तर ‘हा प्रयोग केव्हा झाला?’ असा प्रश्न आला असता. नावाविना चित्र रंगभूमीच्याही पलीकडे गेले.

हद्दपार नटाचा पुत्र आठवा दानजूरो हा एदोचा लाडका. पित्याची शिक्षा संपावी म्हणून तो देवाचे व्रत करी, आणि इ. स. १८४५ मध्ये त्याच्या पितृभक्तीबद्दल नगरदंडाधिकाऱ्याने त्यास बक्षीसही दिले होते. शिक्षा देणारे तेच शासन आणि शिक्षेचे दुःख केल्याबद्दल बक्षीस देणारेही तेच. १८५४ मध्ये ओसाका येथे त्याने आत्महत्या केली. मृत्यूची वार्ता एदोस पोहोचताच त्याच्या स्मरणार्थ चित्रांची झोड उठली. शंभराहून अधिक निरनिराळी चित्रे निघाली. फिकट निळ्या वस्त्रातील, हाती जपमाळ घेतलेला दानजूरो, रडणाऱ्या स्त्रियांच्या गराड्यात. पुष्कळ चित्रांवर तपासणीची मुद्रा नाही, काहींवर चित्रकाराचे नावही नाही. परवानगी घेण्यास सवड नव्हती, आणि एवढ्या शोकापुढे तपासनीसही हतबल झाले असावेत.

इ. स. १८६८ नंतर निर्बंधांचे मूळच नाहीसे झाले. योद्ध्यांचा वर्ग विसर्जित झाला, आणि ओइशी कुरानोसुकेस त्याच्या खऱ्या नावाने रंगमंचावर येण्यास आडकाठी उरली नाही. सातव्या दानजूरोचा पाचवा पुत्र, नववा दानजूरो (१८३८–१९०३), याने ऐतिहासिक तपशील काटेकोर सांभाळणारी ‘जिवंत इतिहासा’ची नाटके केली. खरी नावे, खरे पोशाख. प्रेक्षकांनी त्यांकडे बहुधा पाठ फिरविली. इ. स. १८८७ च्या एप्रिलमध्ये परराष्ट्रमंत्री इनोउए काओरु यांच्या निवासस्थानी सम्राटांनी प्रथमच काबुकी पाहिले, तेव्हा प्रयोग झाला तो पित्याने आणलेल्या ‘कान्जिन्चो’चा. नदीकाठचा भिकारी सम्राटापुढे बेनकेइ म्हणून उभा राहिला. नटचित्रांचा शेवटचा मोठा चित्रकार तोयोहारा कुनिचिका (१८३५–१९००) याने या दानजूरोच्या शंभर भूमिकांची मालिका १८९३ पासून काढली, आणि तीन पत्रे जोडून त्यांत एकाच नटाचा अर्धदेह भरून टाकणारी चित्रे रचली. परंतु तोवर छायाचित्र आले होते, वृत्तपत्रे आली होती. नटाची छबी मिळविण्यासाठी चेरीचा ठसा कोरण्याची गरज उरली नव्हती.

तोक्यो येथील वासेदा विद्यापीठाच्या, इ. स. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या, त्सुबोउची स्मारक नाट्यसंग्रहालयात अशी चाळीस हजारांहून अधिक नटचित्रे आहेत. त्यांचा काल ठरविताना अभ्यासक तपासणीची मुद्रा आणि नाटकगृहांची छापील पात्रपत्रके ताडून पाहतात. १८४२ नंतरच्या निनावी पत्रांपाशी, विशेषतः जे प्रयोग झालेच नाहीत त्यांच्या चित्रांपाशी, ही साधने अपुरी पडतात. तेथे नाक, जिवणी आणि भुवया पाहूनच नट ठरवावा लागतो.